वाटे पाडणाऱ्या पोरीचा ऑप्शन फॉर्म

"मॅडम, पह्यला नंबर लागला अन् मी गेलीच नाई, तं मंग तिसरा भेटते का?"

माझ्या तोंडात भेंडीचा घास होता. दुपारचे तीन चाळीस झाले होते. ऑप्शन फॉर्मचा शेवटचा दिवस, पोर्टल पाचला बंद. सकाळपासून पोरांचे फॉर्म तपासून डोळे चुरचुरत होते आणि मी नुकताच डबा उघडला होता. विचारणारी पोरगी प्रणाली मांढरे, बारावी सायन्स, पोंभुर्ण्याच्या पुढच्या एका गावची. तिचा फॉर्म मी परवाच तपासून, तिच्या डोळ्यांदेखत लॉक करून दिला होता. आज ती दोन तासांपासून व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. मला वाटलं, मैत्रिणीसोबत आली असेल.

"कोणता तिसरा?"

"फिशरीजचा."

"आणि पहिला लागला तर तू जाणार का नाहीस?"

मी डब्याचं झाकण लावलं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी मूळची चिमूरची. चंद्रपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर बायोलॉजी शिकवली. शेवटची काही वर्षं करिअर गायडन्स सेल माझ्या गळ्यात बांधला होता, कारण बाकीच्यांनी मीटिंगमध्ये वेळेवर मान खाली घातली. सेल म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, मनात आलं तर चालणारा प्रिंटर आणि मी.

बारावीनंतर अ‍ॅग्रीकल्चर, फूड टेक्नॉलॉजी, फॉरेस्ट्री, फिशरीज असल्या डिग्र्यांचे राज्यभरातले प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. त्याला कॅप म्हणतात. पोरगं आपल्याला हवी ती कॉलेजं क्रमाने लिहितं, तो ऑप्शन फॉर्म. कॉम्प्युटर वरून खाली वाचत येतो आणि मार्कांत बसेल ती पहिली सीट देऊन मोकळा होतो. खालच्या ओळी मग तो वाचतही नाही. वर एक कडक नियम आहे. पहिल्या नंबरावर लिहिलेलंच मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या राउंडमधून नाव बाद. म्हणजे पहिली ओळ लिहिताना माणसाने दहादा विचार करावा.

प्रणालीने तीनच ओळी लिहिल्या होत्या. एक अ‍ॅग्रीकल्चर, दोन फूड टेक्नॉलॉजी, तीन नागपूरचं फिशरीज. मी परवा तिला म्हटलं होतं, अजून दोन-चार लिही. "बस झाले जी," म्हणाली. मार्क चांगले होते, म्हणून मीही सोडून दिलं. खरं सांगायचं तर तो फॉर्म मला फार आवडला होता. कटऑफ म्हणजे मागच्या वर्षी शेवटच्या पोराला जितक्या मार्कांवर सीट मिळाली तो आकडा. सगळ्यात जास्त कटऑफवालं वर, कमीवालं खाली, अशी सुरेख उतरण होती. मी शाबासकीसुद्धा दिली. माझी पाठ मीच थोपटायची राहिली होती.

"पहिला लागला तर तिसरा कधीच मिळत नाही," मी म्हटलं. "आणि तुझे मार्क बघता तुला पहिलाच लागतो. परवा समजावलं होतं ना?"

"समजलं होतं जी. पन मले वाटलं, नाई म्हनता येत असंन."

"अगं पण मग फिशरीज पाहिजे तर तळाशी का लिहिलं?"

"पह्यला बाबाचा हाय. दुसरा मामाचा. तिसरा माह्यावाला."

"बाबांचा म्हणजे काय? बाबा जाणार आहेत का कॉलेजात?"

"फॉर्म मी भरला ना मॅडम. भरनाऱ्यानं आपलं शेवटी लिवाचं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या इथी वाटे पाडनारा शेवटीच उचलते."

मी कपाळाला हात लावला.

प्रणालीचं घर ढिवरांचं. गावातल्या जुन्या तलावावर ढिवरांची मासेमारी संस्था आहे, तिचे वडील केवळराम त्याच संस्थेत. उन्हाळ्याच्या तोंडावर तलावात मोठं जाळं लागतं. सगळे मिळून ओढतात आणि मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओततात. मग तिचे वाटे पडतात, म्हणजे सारखे ढीग. मोठी रोहू एकीकडे गेली की दुसरीकडे दोन मध्यम टाकायच्या, मरळ कोणाला जास्त जाऊ नये, झिंगे मुठीने सारखे. हे काम प्रणाली आठवीपासून करत होती. तिची नजर पक्की आणि कोणाच्या काकाला भीक घालत नसे, म्हणून मोठी माणसं तिला शाळेतून बोलावून घेत. आणि वाटे पाडणाऱ्याने कधी पहिला वाटा उचलायचा नाही. आधी वडीलधारे, मग बाकीचे, उरेल तो पाडणाऱ्याचा. त्यामुळे पाडणारा चोरी करत नाही. पद्धत अगदी शंभर टक्के शहाणपणाची आहे. फक्त कॅपचा कॉम्प्युटर तलावावर कधी गेलेला नाही.

मला राग आला. आधी तिचा आला. बारावी सायन्सला एवढे मार्क घेणारी पोरगी आणि हा बावळटपणा! मग माझाच आला. मी तिला कागदपत्रं विचारली, जातीचा दाखला विचारला, मार्क विचारले. ‘तुला यातलं काय पाहिजे?’ एवढं मात्र विचारलं नव्हतं.

"फिशरीजच का?" आता विचारलं.

ती पहिल्यांदा भडाभडा बोलली. बाहेरून बीज येतं, म्हणजे माशांची बारीक पिल्लं. त्यातलं अर्धं मरायचं, अजूनही थोडं मरतंच. संस्थेतले म्हणतात नशीब. ते नशीब नाही, हे तिला माहीत होतं, पण पुढचं काय ते माहीत नव्हतं. शिंगूर मासा आता दिसतच नाही, ते काऊन? पाणी तेच आहे, तलाव तोच आहे. "मले ते पाह्याचं हाय," म्हणाली. बोलताना तिचे दोन्ही हात हलत होते. वर्गात मी ही पोरगी अशी बोलताना कधी पाहिली नव्हती.

"चल, फॉर्म उघडू."

लॉक केलेला फॉर्म पाच वाजेपर्यंत पुन्हा उघडता येतो. त्यासाठी ओटीपी लागतो, मोबाइलवर येणारा सहा आकड्यांचा नंबर. आणि तो येतो नोंदणी करताना दिलेल्या मोबाइलवर. नोंदणीत नंबर होता केवळरामभाऊंचा.

"बाबाले काई सांगू नका मॅडम," प्रणाली म्हणाली. "नुसता ओटीपी मांगा. कॉलेजचा हाय म्हना, ते देतात."

"आणि नागपूरचं लेटर घरी आलं की?"

"तवाचं तवा पाहू."

"तेव्हा ते तुला हाताला धरून घरी नेतील, आणि मला बोलणी बसतील. नाही बाई. असलं चोरटं काम मी करत नाही."

हे बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण बाजूच्या केबिनमधून प्राचार्य बाहेर आले. आमचे प्राचार्य माणूस चांगला, पण कागदाला फार भिणारा.

"काय झालं?"

मी सांगितलं.

"फॉर्मच्या प्रिंटवर वडिलांची सही आहे ना?"

"आहे."

"मग आपण काही बदलायचं नाही. एकदा असाच एक बाप माझ्या टेबलावर हात आपटून गेला होता, आठवतं ना?"

"सर, ती काच नंतर बदलली आपण."

"काचेचा प्रश्न नाही, मॅडम. पोरगी अजून सतरा वर्षांची आहे. पालकाचा होकार पाहिजे. फोनवर चालेल. पण माझ्यासमोर, स्पीकरवर."

मला वाटलं होतं सर अडवतील. उलट त्यांनी माझं काम सोपं केलं. चोरून काही करायचा प्रश्नच उरला नाही. त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली आणि बसले.

तीन पंचावन्नला पहिला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. दुसरा लावला, तोच प्रकार.

"बाबा तलावावर असतीन," प्रणाली म्हणाली. "आज बीज येनार होतं. फोन झाडाले लटकवलेल्या थैलीत असते."

"मग थैलीला कान आहेत का बघू," म्हणून मी तिसरा लावला, चौथा लावला. सर दर मिनिटाला घड्याळ बघत होते, आणि त्यांनी बघितलं की मीही बघत होते. सव्वाचारला कोणीतरी उचलला.

"हालो! कोन?"

"केवळरामभाऊ, मी चंद्रपूरहून बोलते. प्रणालीच्या कॉलेजातून, बायोलॉजीची मॅडम."

"पोट्टीले काई झालं का जी?" आवाजच फाटला त्यांचा.

"काही नाही झालं. माझ्यासमोर बसली आहे, ठणठणीत. तुमच्याशी दोन मिनिटं काम होतं."

"मंग जरा थांबान का बाई? बीज आलं हाय. पिशव्या पान्यात हायेत."

"सोडून टाका ना पटकन, मग बोलू."

"पटकन नाई सोडता येत जी. अर्धा तास पिशवी तशीच तरंगू द्या लागते. आतलं पानी अन् तलावाचं पानी येकसारखं झाल्याबिगर तोंड सोडाचं नाई."

मी सरांकडे पाहिलं आणि फोनवर विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

"हेच पोट्टी, दुसरं कोन? दहावीत होती तईपासून मांगं लागली. पह्यले आमी सरळ ओतत होतो. दुसऱ्या दिवशी पाहाव तं अर्धे पोट वर करून तरंगत."

"आणि आता?"

"आता बरेच जगतात."

"मग भाऊ, तिला तेच शिकायचं आहे."

"काय?"

"मासोळ्यांचं. फिशरीज म्हणतात. नागपूरला कॉलेज आहे."



"बाप्पा!" केवळरामभाऊ म्हणाले. "मासोळ्या धराले डिगरी कायले लागते वो बाई? आमचा आजा बिनडिगरीचा धरत होता, मी धरून राह्यलो. माह्ये पाय पाहा येऊन. पावसाळाभर बोटाच्या बेचक्या सडते. पोट्टी त्या चिखलात उतरू नये म्हनून तं शिकवून राह्यलो. अ‍ॅग्रीकल्चर केलं का मानूस साहेब होते. जीपमंधी फिरते."

"फिशरीजवालाही साहेबच होतो, भाऊ. तुमच्या संस्थेला कागद देणारे मत्स्य खात्याचे अधिकारी काय आभाळातून पडतात?"

"ते तं खरं हाय. पन..."

"पण काय? ते चिखलात उतरतात का कधी?"

"ते कुठी उतरतात! पाळीवरून पाह्यतात, चहा पेतात, जातात."

सरांना हसू आलं. मी मात्र घड्याळ बघत होते. चार तेवीस झाले होते.

"मंग तिनं सोता काऊन नाई सांगतलं?" केवळरामभाऊंचा आवाज बदलला. त्यात राग कमी होता, दुखणं जास्त. "फॉर्म तं तिनंच भरला. मले म्हने, बाबा तुमचंच पह्यल्या नंबरवर लिवलं. मी सगळ्याईले सांगून बसलो."

"लिहिलंच होतं तिने. तुमचं पहिलं, मामांचं दुसरं, स्वतःचं शेवटी. वाटे पाडायला बसल्यासारखा भरला फॉर्म. पण इथे पहिला वाटा लागला की बाकीचे रद्द होतात. तिच्या वाट्याला तिचं काहीच उरत नाही."

पलीकडे मागून कोणीतरी विचारत होतं, सोडाचं का आता? "थांब रे," केवळरामभाऊ म्हणाले. मग म्हणाले, "पोट्टे, आयकून राह्यली का?"

"हाव बाबा."

"कालेजात कोन जानार हाय? मी का तू?"

"मी."

"आपल्या इथी पान्यात उतरला नाई त्याले वाटा भेटते का?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. "नाई."

"मामा उतरून राह्यला का?"

"नाई."

"मंग आमचे वाटे कायले पाडले तुनं? इतके वर्स पाळीवर बसून राह्यली अन् हे नाई समजलं? जो उतरंन त्याचा वाटा. बाकीचे नुसते पाह्यनारे." मग मला म्हणाले, "सांगा बाई, मले काय कराचं हाय?"

प्रणाली रडायला लागली. मला रडायला वेळ नव्हता. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तिला द्यावा की नाही या विचारात तसाच हातात धरून ठेवला.

खरी कटकट यापुढे होती. ओटीपी पाठवला. केवळरामभाऊंना मेसेज येईना. जंगलाकडच्या गावांत असंच असतं, बोलणं जातं पण मेसेज अडकतो. पाच मिनिटं गेली. पुन्हा पाठवला. "आला," म्हणाले, आणि एकेक आकडा वाचायला लागले. टाकला तर कॉम्प्युटर म्हणे चुकीचा. तो पहिला, उशिरा पोहोचलेला होता.

"भाऊ, अजून एक येईल. तो नवा वाचा. जुना नको."

"पाळीवर चढून पाह्यतो. तिथी टावर भेटते."

मग फोनमधून नुसता धापा टाकायचा आवाज. माणूस फोन कानाला लावून चढण चढत होता. मी माझ्या नवऱ्यासाठीसुद्धा देवाला इतक्या हाका मारल्या नसतील. चार एक्केचाळीसला त्यांनी दुसरा नंबर वाचला, सावकाश, प्रत्येक आकड्यानंतर "लिवला का?" विचारत. फॉर्म उघडला.

प्रणालीने फिशरीज वर नेलं. मग तिचा हात थांबला. "बाबाचा काढून टाकू का?"

"वेडी आहेस का? खाली राहू दे. फिशरीज नाहीच लागलं तर रिकाम्या हाताने घरी बसशील? कॉम्प्युटर वरून वाचतो, तेवढं लक्षात ठेव."

तिने तिन्ही ओळी दोनदा वाचल्या. मीही वाचल्या. सरांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचल्या. लॉक करायला परत एक ओटीपी, परत तेच "लिवला का?" चार त्रेपन्नला हिरवी खूण आली. प्रिंटरला त्या दिवशी सुबुद्धी झाली, पहिल्या झटक्यात कागद बाहेर आला.

"झालं भाऊ," मी फोनवर सांगितलं.

"बरं झालं. पन बाई, येक सांगतो. तिले चिखलात नोका उतरू देजा."

"ते माझ्या हातात नाही, भाऊ. तिच्या कॉलेजातच तलाव असेल."

"हे आता सांगून राह्यल्या तुमी?" असं म्हणून ते हसले. मग ओरडले, "सोडा रे पिशव्या!" आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत मागे टेकले. या पोरीची चार वर्षं आणि पुढचं सगळं माझ्या एका शाबासकीने वाया जाणार होतं, हे आता कुठे नीट डोक्यात शिरलं होतं. सरांनी चहा मागवला, प्रणालीलाही. ती चहा अर्धा टाकून पोंभुर्ण्याच्या बसला पळाली. कागद तिने छातीशी धरला होता. म्हटलं, घडी करून बॅगेत ठेव. तिने ऐकलं नाही.

आठ दिवसांनी अलॉटमेंट लागली, म्हणजे कोणाला कोणती सीट मिळाली त्याची यादी. मी सकाळपासून पोर्टल उघडून बसले होते, पण ते नुसतं गोल फिरत होतं. दहा वाजता फोन वाजला.

"बाई, लागला!" केवळरामभाऊ होते. "तिचावालाच लागला. पह्यला नंबर."

"अभिनंदन भाऊ." मग मी मुद्दाम विचारलं, "नाराज तर नाही ना?"

"नाराज कायचा? मामा फुगून बसला हाय, तेवढंच. त्याले म्हटलं, तुले फूड करावाटते तं तू भर फॉर्म." मग म्हणाले, "रातभर झोपली नाई पोट्टी. म्या तिले येवढी खूश कवाच पाह्यली नाई जी. आपल्याच घरात राह्यते, अन् मले मालूम नोतं."

फोन ठेवल्यावर मी दार लोटून घेतलं. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणसाला आधी भूक लागते, हे त्या दिवशी कळलं. कँटीनमधून दोन समोसे मागवले, दोन्ही खाल्ले, आणि सरांना विचारलंही नाही.

आता मी रिटायर झाले. तरी बारावीचा निकाल लागला की कोणी ना कोणी फॉर्म घेऊन घरी येतंच. कटऑफ मी शेवटी बघते. आधी पोराच्या हातात पेन देते आणि सांगते, प्रत्येक ओळीसमोर लिही, ही कोणाची आहे. बाबांची, काकांची, क्लासवाल्या सरांची, शेजारच्या इंजिनीयर दादाची. पोरं लाजतात, पण खरं लिहितात. बहुतेकांचं स्वतःचं नाव तिसऱ्या-चौथ्या ओळीला सापडतं, मग काम सोपं असतं. काही फॉर्मांत ते सापडतच नाही. असा फॉर्म मी लॉक करू देत नाही, सोबत आलेला पालक कितीही मोठा साहेब असो.